पुस्तक नंतर, आधी ताळेबंदाखालच्या टिपा

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘शेअर बाजार शिकायचा आहे, कुठल्या पुस्तकापासून सुरुवात करू?’ हा प्रश्न हल्ली नवे डीमॅट खाते उघडणारा जवळपास प्रत्येक जण विचारतो. उत्तरही ठरलेले असते. चार-पाच अनुवादित अमेरिकी पुस्तकांची नावे, नाहीतर शनिवार-रविवारच्या एखाद्या कार्यशाळेचा पत्ता. पुस्तके वाईट नाहीत, पण गुंतवणूकदाराच्या सर्वांत उपयोगाचे वाचन पुस्तकांच्या दुकानात मिळत नाही. कंपन्या, म्युच्युअल फंड आणि कंपन्यांची कर्जफेडीची क्षमता जोखणाऱ्या पतमानांकन संस्था यांना ते नियमानुसार जाहीर करावेच लागते आणि ते फुकट मिळते. ते वाचायचे कसे, हे मात्र मराठीत फार थोड्या ठिकाणी सांगितले जाते. आपल्या अर्थविषयक पानाने ही उणीव भरून काढावी, एवढ्यासाठी हे थोडे लांबलेले पत्र.

शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअर वा निर्देशांकाच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांत, व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. ही माणसे काही शिकत नव्हती असे नाही. व्हिडिओ, आलेख, संदेशगट यांचा त्यांच्याभोवती पूर होता. कंपनी काय कमावते आणि कुणाचे किती देणे लागते, हे सांगणारा कागद त्या पुरात नसतो.

पहिले वाचन स्वतःच्याच कागदाचे असावे. आपले शेअर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात सांभाळणाऱ्या एनएसडीएल किंवा सीडीएसएल या संस्थांकडून ईमेलवर एक एकत्रित खाते विवरण येते. महिन्यात व्यवहार झाला असेल तर त्या महिन्याचे, नसेल तर सहामाही. फाइल उघडायला मोठ्या अक्षरांतला पॅन हाच पासवर्ड असतो. बहुतेक लोक ते उघडतच नाहीत. उघडल्यावर आधी नामनिर्देशन झाले आहे का ते पाहावे, मग प्रत्येक योजनेच्या नावात ‘रेग्युलर’ आहे की ‘डायरेक्ट’. वितरकाच्या कमिशनाविना थेट घ्यायच्या डायरेक्ट योजना १ जानेवारी २०१३ पासून उपलब्ध आहेत. सहामाही विवरणात वितरकाला आपल्या गुंतवणुकीपोटी किती कमिशन मिळाले, तेही रुपयांत छापलेले असते. वितरक खरोखर मार्गदर्शन करत असेल, घसरणीत धीर देत असेल, तर ते कमिशन रास्तच आहे. पण आकडा माहीत हवा. दरमहा १०,००० रुपये २० वर्षे गुंतवले आणि परतावा १२ टक्के धरला, तर सुमारे ९९.९ लाख होतात. कमिशनापोटी एक टक्का कमी, म्हणजे ११ टक्के धरला तर सुमारे ८७.४ लाख. वर्षाला ‘फक्त एक टक्का’ म्हणतात त्याची किंमत साडेबारा लाख.

दुसरे वाचन म्हणजे योजनेचा मासिक पोर्टफोलिओ. महिना संपल्यावर दहा दिवसांत तो फंडाच्या संकेतस्थळावर येतो. कर्जरोख्यांत गुंतवणाऱ्या रोखे योजनांचा तर दर पंधरवड्याला येतो. इक्विटी, म्हणजे शेअरमध्ये गुंतवणारी योजना असेल तर तिच्या परताव्याची तुलना लाभांशासह मोजलेल्या निर्देशांकाशी, म्हणजे टीआरआयशी करावी. नुसत्या निर्देशांकाशी तुलना केली की लाभांशाएवढे श्रेय फंड व्यवस्थापकाला फुकट मिळते. म्हणूनच सेबीने फेब्रुवारी २०१८ पासून टीआरआय सक्तीचा केला. या निर्देशांकांचे जुने आकडे राष्ट्रीय शेअर बाजाराच्या (एनएसई) निर्देशांक संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. रोखे योजनेत परताव्याच्या आधी मानांकनाचा रकाना वाचावा. २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पलटनने सहा रोखे योजना बंद केल्या, तेव्हा अनेक ज्येष्ठ नागरिकांना धक्का बसला. कारण त्यांच्यातल्या एका योजनेच्या नावातच ‘अल्ट्रा शॉर्ट’ होते आणि नाव वाचून ती मुदतठेवीसारखी वाटत होती. पोर्टफोलिओत मात्र सर्वोच्च ‘एएए’च्या खालच्या ‘एए’ आणि त्याहूनही कमी मानांकनाचे रोखे त्याआधीही दिसत होते. पैसे पुढे टप्प्याटप्प्याने परत मिळाले, पण गरजेच्या वेळी ते अडकले होते. योजनेचे नाव मुदत सांगते, रोख्यांचा दर्जा सांगत नाही.

आता मुख्य विषय, कंपनीचा वार्षिक अहवाल. मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या कंपनीने वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते आणि सूचना व अहवाल सभेच्या किमान २१ दिवस आधी पाठवायचा असतो. त्यामुळे जुलै-ऑगस्ट हा या वाचनाचा हंगाम. अहवाल कंपनीच्या आणि शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर मिळतो. कंपनी निवडताना आपल्याला कळणारा उद्योग घ्यावा. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात सुट्या भागांच्या कारखान्यात काम करणाऱ्याने वाहनउद्योगातली घ्यावी, उसाच्या पट्ट्यातल्याने साखर कंपनी. स्वतः नोकरी करतो ती कंपनी मात्र नको. एक तर आतल्या माहितीवरच्या व्यवहारांचे नियम आड येतात आणि पगार व बचत दोन्ही एकाच खुंटीला टांगले जातात.

हातात तीनशे पानांचा अहवाल आला की लोक पहिल्या पानापासून वाचायला घेतात आणि चाळिसाव्या पानावर सोडतात. सुरुवातीची पाने छायाचित्रे, घोषवाक्ये आणि अध्यक्षांचे मनोगत यांची असतात. ती शेवटी वाचावीत. सुरुवात लेखापरीक्षकांच्या अहवालापासून करावी. त्यात मत निर्भेळ आहे की ‘क्वालिफाइड’, म्हणजे अमुक बाब सोडून बाकी बरोबर, असे आहे ते पाहावे. त्याखाली ‘की ऑडिट मॅटर्स’ असतात. लेखापरीक्षकांना जिथे जास्त खोलात जावे लागले, त्या जागा त्यात नोंदलेल्या असतात. कंपनीचा नाजूक भाग कोणता, हे या दोन पानांत कळते. ‘गोइंग कन्सर्न’बाबत शंका नोंदवलेली असेल, तर कंपनी चालू राहील की नाही यावरच प्रश्नचिन्ह आहे.

या अहवालाला एक जोडपत्र असते, ज्याला सीए मंडळी ते मागणाऱ्या सरकारी आदेशाच्या नावावरून ‘कॅरो’ म्हणतात. २०२० च्या आदेशानंतर ते फार उपयोगाचे झाले आहे, आणि सामान्य वाचकाला त्याचा पत्ताच नसतो. कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी आणि कर वेळेवर भरले का? बँकेला दर तिमाहीला दिलेले साठ्याचे व उधारीचे आकडे हिशेबाच्या वह्यांशी जुळतात का? अल्प मुदतीचे कर्ज काढून दीर्घ मुदतीच्या कामाला वापरले का? कर्जाचे हप्ते थकले का? वर्षभरात आधीच्या लेखापरीक्षकांनी राजीनामा दिला का? प्रत्येकाचे उत्तर एका-दोन ओळींत असते. अल्प मुदतीचा पैसा इमारतीत घातलेला दिसला, तर ती कंपनी एखाद्या वाईट तिमाहीत बँकेच्या दारात उभी राहणार, हे ताळेबंदाच्या बेरजेतून कळत नाही, इथे कळते.

मग रोख प्रवाह पत्रक. पाच वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून दोनच बेरजा कराव्यात, करोत्तर नफ्याची आणि व्यवसायातून आलेल्या रोखीची. समजा नफ्याची बेरीज ५०० कोटी आणि रोखीची १२० कोटी निघाली, तर उरलेले ३८० कोटी कुठे आहेत? बहुधा उधारीत किंवा गोदामात. उधारीचे दिवस काढायला येणे रकमेला विक्रीने भागून ३६५ ने गुणावे. ३६५ कोटींच्या विक्रीवर ९० कोटींची उधारी म्हणजे ९० दिवस. गेल्या वर्षी हेच ६० असतील, तर विक्री वाढवण्यासाठी माल उधारीवर ढकलला जात असावा. याची खातरजमा हिशेबांना जोडलेल्या टिपांमधल्या मुदतवार तक्त्यात होते. सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षे, तीन वर्षांहून जुनी, अशी उधारीची फोड एप्रिल २०२१ पासून द्यावी लागते. अपूर्ण प्रकल्पांवरच्या खर्चाचाही तसाच तक्ता असतो. तीन वर्षांपेक्षा जुन्या रकान्यात मोठी रक्कम पडून असेल, तर तो कारखाना कागदावरच आहे की काय, हे विचारायला हवे. बँका आणि वित्त कंपन्यांना मात्र ही कसोटी लावू नये. कर्ज देणे हाच त्यांचा धंदा असल्याने कर्जे वाढली की रोख प्रवाह उणे दिसतो. तिथे ढोबळ व निव्वळ एनपीए (थकीत कर्जे), त्यांच्यासाठीच्या तरतुदीचे प्रमाण आणि भांडवल पर्याप्तता, म्हणजे कर्जांच्या जोखमीच्या मानाने स्वतःचे भांडवल किती, हे पाहायचे.

टिपांमध्ये आणखी दोन जागा सोडू नयेत. पहिली संबंधित पक्षांशी व्यवहार. प्रवर्तकांच्या, म्हणजे कंपनी उभी करून ताब्यात ठेवणाऱ्यांच्या, खासगी कंपनीला कर्ज, त्यांच्याच जागेचे भाडे, नाव वापरल्याबद्दल रॉयल्टी असे सारे इथे दिसते. दुसरी संभाव्य देणी. ही ताळेबंदाच्या बेरजेत नसतात, म्हणून त्यांची तुलना निव्वळ मत्तेशी, म्हणजे देणी वजा जाता उरणाऱ्या मालमत्तेशी करावी. त्यातही फरक आहे. कराच्या वादातली रक्कम वर्षानुवर्षे लवादात फिरते, पण भगिनी कंपनीसाठी दिलेली हमी एका दिवसात अंगावर येते. आणि हे सगळे एकत्रित हिशेबांत वाचावे. नुसते मूळ कंपनीचे पाहिले, तर उपकंपन्यांच्या पोटातले कर्ज दिसत नाही. नवशिक्यांकडून ही चूक हमखास होते, कारण अहवालात दोन्ही हिशेब असतात आणि मूळ कंपनीचे बहुधा आधी येतात.

‘स्क्रीनर’सारख्या संकेतस्थळांवर दहा वर्षांचे आकडे आणि अहवाल एकाच पानावर मिळतात, त्याचा जरूर उपयोग करावा. पण तिथल्या पीई गुणोत्तरावर, म्हणजे बाजारमूल्य नफ्याच्या किती पट आहे त्या आकड्यावर, डोळे मिटून जाऊ नये. बाजारमूल्य १,००० कोटी आणि नफा १०० कोटी म्हणजे पीई १० दिसतो. त्या १०० कोटींत जमीन विकून आलेले ८० कोटी असतील, तर धंद्याच्या नफ्यावरचा खरा पीई ५० आहे. पोलाद, साखर, रसायने अशा चढ-उताराच्या उद्योगांत तर पीई सर्वांत कमी दिसतो तो बहुधा नफ्याच्या शिखरावर. स्वस्त म्हणून घेतलेला शेअर त्यानंतर वर्षभर उतरत राहतो आणि घेणाऱ्याला कारण कळत नाही.

पतमानांकनाचे कारणपत्र हा असाच दुर्लक्षित ऐवज. क्रिसिल, इक्रा, केअर यांच्या संकेतस्थळांवर ते मोफत मिळते. पाच-सहा पानांत कंपनीची बलस्थाने, उणिवा, रोखीची स्थिती आणि कोणत्या कारणाने मानांकन घसरू शकेल हे लिहिलेले असते. शेअर बाजारात नोंद नसलेल्या पण ठेवी किंवा कर्जरोखे विकणाऱ्या कंपन्यांबद्दल तर दुसरे काही वाचायला क्वचितच मिळते. नुसत्या अक्षरांवर मात्र विसंबू नये. पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणारी आयएल अँड एफएस २०१८ च्या मध्यापर्यंत ‘एएए’ होती आणि सप्टेंबरात ‘डी’वर, म्हणजे कर्ज थकवणाऱ्यांच्या वर्गात आली. तिमाही निकालांनंतरच्या विश्लेषकांशी झालेल्या संवादाची लेखी प्रतही कंपन्या काही दिवसांत देतात. त्यातले प्रास्ताविक सोडून प्रश्नोत्तरे वाचावीत, तीही सलग चार तिमाहींची. ‘नवा प्रकल्प पुढच्या तिमाहीत’ हे वाक्य चारही वेळा आले, तर व्यवस्थापनाच्या शब्दाची किंमत समजली.

आयपीओचा, म्हणजे कंपनीच्या पहिल्या जाहीर शेअरविक्रीचा, मसुदा सेबीकडे दाखल झाला की किमान २१ दिवस लोकांच्या हरकतींसाठी खुला असतो. त्यातही आधी निधी कुणाकडे जाणार ते पाहावे. ‘ऑफर फॉर सेल’ म्हणजे जुने भागधारक आपला हिस्सा विकत आहेत, कंपनीला त्यातला एक रुपयाही मिळत नाही. मग निधीचा विनियोग, मग प्रवर्तकांना शेअर सरासरी किती रुपयांना पडला तो तक्ता, मग न्यायालयीन प्रकरणे. जोखमींच्या यादीत ‘महागाई वाढू शकते’ छापाच्या ओळी सोडून द्याव्यात आणि विक्री एक-दोन ग्राहकांवर अवलंबून असल्यासारख्या, त्या कंपनीपुरत्या ओळी शोधाव्यात. ग्रे मार्केटचा, म्हणजे शेअरची नोंद होण्याआधीच्या अनधिकृत सौद्यांतला भाव मात्र वाचनात धरूच नये. त्यामागे ना बाजार आहे, ना नियामक, ना पावती.

मराठी वाचकाला आणखी एक वाट आहे, जी त्याच्या टपालातच येते. नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था सभासदांना मराठीत अहवाल पाठवतात. ढोबळ एनपीए, तरतुदी, सीआरएआर (भांडवल पर्याप्तता), कर्ज-ठेवी प्रमाण, लेखापरीक्षणाचा वर्ग हे शब्द आपल्या भाषेत वाचायला मिळण्याची ही उत्तम जागा. तो अहवाल रद्दीत जातो आणि सभेत ‘वाचला असे समजून’ मंजूर होतो. ठेवीदारांनी हेही जाणावे, की बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे, तो ४ फेब्रुवारी २०२० पासून १ लाखावरून वाढवला. पतसंस्थेतील ठेवींना हा विमा नाही.

वाचूनही फसगत होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. सत्यम या संगणक कंपनीच्या हिशेबांना लेखापरीक्षकांची मान्यता होती, तरी ७ जानेवारी २००९ रोजी ५,००० कोटींहून अधिक रोख अस्तित्वातच नसल्याची कबुली आली. पीएमसी या सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा एकाच बांधकाम समूहाची थकीत कर्जे दडवलेली निघाली. म्हणून कितीही वाचले तरी एका कंपनीत किंवा एका बँकेत सगळे पैसे ठेवू नयेत.

आता पुस्तकांविषयी. अप्पा बळवंत चौकातून घ्या की ग्रंथालयातून, आधी आवृत्तीचे वर्ष पाहा. शेअर्सवरील अल्पकालीन नफ्याला १५ टक्के आणि १ लाखावरील दीर्घकालीन नफ्याला १० टक्के कर, असे लिहिले असेल तर ते २३ जुलै २०२४ पूर्वीचे आहे. त्यानंतर हे दर २० टक्के आणि १.२५ लाखावर १२.५ टक्के झाले. लाभांश करमुक्त म्हटला असेल तर पुस्तक एप्रिल २०२० च्या आधीचे. अशा पुस्तकातले विचार घ्यावेत, आकडे घेऊ नयेत. अमेरिकी पुस्तकांपैकी बेंजामिन ग्रॅहम यांच्या, १९४९ मध्ये पहिल्यांदा निघालेल्या ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’च्या हल्लीच्या आवृत्तीतली आठवे आणि विसावे ही दोन प्रकरणे आधी वाचावीत. एकात बाजाराच्या लहरीपणाशी कसे वागावे ते आहे, दुसऱ्यात सुरक्षिततेच्या अंतराचे, म्हणजे मूल्यापेक्षा पुरेशा कमी भावात घेण्याचे विवेचन. वॉरन बफे यांची भागधारकांना लिहिलेली १९७७ पासूनची पत्रे बर्कशायर हॅथवेच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. या वाचनात एक गोष्ट मात्र फारशी सापडत नाही, ती म्हणजे आपल्याकडचे प्रवर्तक. कुटुंबाच्या हाती निम्म्याहून अधिक हिस्सा आणि त्यातला काही सावकाराकडे गहाण, हा आपल्याकडचा मामला. त्यासाठी तिमाही संपल्यावर २१ दिवसांत येणारा भागधारणेचा तक्ता पाहावा. गहाण शेअरचे प्रमाण वाढत असेल तर भाव पडताच सावकार ते विकतो, भाव आणखी पडतो, आणि त्या जात्यात छोटा भागधारक भरडला जातो.

पायाभूत शिक्षणासाठी सेबीच्या गुंतवणूकदार संकेतस्थळावरील मराठी पुस्तिका पुरेशी आहे. रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला संकुल असलेल्या एनआयएसएम या सेबीच्याच संस्थेची गुंतवणूकदारांसाठीची ऑनलाइन प्रमाणपत्र परीक्षा आणि तिची अभ्यासपुस्तिका, दोन्ही विनामूल्य आहेत. हजारो रुपये शुल्काच्या वर्गात नाव घालण्याआधी ही परीक्षा द्यावी. वर्गात जायचेच असेल तर नोंदणी तपासावी. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक ‘आयएनए’ने आणि संशोधन विश्लेषकाचा ‘आयएनएच’ने सुरू होतो. दुसऱ्याचा क्रमांक छापणारेही असतात, म्हणून सेबीच्या यादीतले नाव, पत्ता, फोन हे तिन्ही जुळवावे. केवळ शिक्षण देतो म्हणणाऱ्याने गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरू नयेत, असे सेबीने जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात सांगितले. चालू बाजारात ‘हे घ्या, ते विका’ म्हणणारा वर्ग हा शिक्षणाचा वर्ग नव्हे.

संपादक महोदय, आपल्याकडून तीन गोष्टींची अपेक्षा आहे. आयपीओच्या बातमीत ग्रे मार्केटचा भाव छापू नये. त्याऐवजी एकूण रकमेतली किती कंपनीकडे आणि किती जुन्या भागधारकांकडे जाणार, हे पहिल्याच परिच्छेदात द्यावे. कार्यशाळांच्या जाहिरातींत नोंदणी क्रमांक नसेल तर ती जाहिरात स्वीकारू नये. आणि जुलै ते सप्टेंबर या काळात दर आठवड्याला एका कंपनीचा किंवा सहकारी बँकेचा अहवाल घेऊन त्यातल्या टिपा मराठीत उलगडून दाखवाव्यात. त्यासाठी चाळीसेक संज्ञांची मराठी सूची एकदा छापली तरी इंग्रजी अहवालातले निम्मे भय जाईल.

वार्षिक सभेत प्रश्न विचारायला एक शेअरही पुरतो, आणि अनेक कंपन्यांच्या सभा आता घरबसल्या दूरदृश्य पद्धतीने होतात. मात्र वक्ता म्हणून नाव आधी नोंदवावे लागते. त्याची शेवटची तारीख आणि ईमेल पत्ता अहवालासोबतच्या सभेच्या सूचनेतच, खाली बारीक अक्षरांतल्या टिपांमध्ये असतो, आणि ती तारीख सभेच्या काही दिवस आधीच उलटून जाते.

कळावे,
आपला विश्वासू,
एक सनदी लेखापाल, सांगली